अरुचीचे रसग्रहण

मराठी घेऊन पदवीपर्यंत पोहोचलेल्या प्रत्येकाने 'पुढील कवितेचे रसग्रहण करा' हा प्रश्न दहावीस वेळा तरी सोडवलेला असतो. ह्या प्रश्नात एक गृहीतक आहे. समोरच्या मजकुरात रस आहेच, आपले काम तो ग्रहण करण्याचे. आणि तो सापडला नाही तर उणीव शोधणाऱ्याची. गेली अठरा वर्षे आम्ही हा प्रश्न इतरांना घालत आलो आहोत. 'पुढील कविता तुम्हांला का आवडली नाही, ते सकारण लिहा' असा प्रश्न मात्र आमच्या पाहण्यातल्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही. वस्तुतः आस्वादाची खरी कसोटी तिथेच लागते. तो प्रश्न येथे स्वतःला घालून पाहावा म्हणतो, पण कवितेबाबत नव्हे, व्हिस्कीबाबत. कवी नाशकात पुष्कळ आहेत आणि त्यांतले बरेच ओळखीचे आहेत. बाटल्यांशी आमचे नाते त्या मानाने मोकळे आहे.

आम्ही राहतो गंगापूर रोडवर. ह्या रस्त्यावर कुसुमाग्रज स्मारक आहे, आणि हाच रस्ता पुढे सोमेश्वर मागे टाकून गंगापूर धरणाकडे व द्राक्षमळ्यांकडे जातो. २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली आणि पुढच्या दोन दशकांत शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या मोटारींची रांग आमच्या खिडकीखालून जाऊ लागली. अशा द्राक्षांच्या वाटेवर राहून आमची जीभ मोड आणलेल्या सातूच्या अर्काकडे वळली, हा केवळ योगायोग. वाइनने आम्हांला कधी निराश केले नाही, कारण तिच्याकडून आमची काही अपेक्षाच नव्हती. निराशेला आधी अपेक्षा लागते. व्हिस्कीबद्दल आम्ही प्यायच्या आधी वाचले होते, आणि वाचणाऱ्या माणसाची अपेक्षा नेहमीच फाजील असते.

मराठी वाचकाच्या वाटेत आणखी एक अडचण आहे. मद्य म्हटले की आपल्याला 'एकच प्याला' आठवते. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक त्यांच्या पश्चात रंगभूमीवर आले. तेव्हापासून सुधाकर आणि सिंधू प्रत्येक मराठी मद्यप्याच्या शेजारी बसलेले आहेत. प्याल्यातल्या पदार्थाची चव हा त्या नाटकाचा विषय नाही, आणि असण्याचे कारणही नाही. माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, पण तिथले मद्य बरेचसे प्रतीकाच्या पेल्यातले. म्हणजे मराठीत मद्य एकतर पाप किंवा प्रतीक. ते पेय म्हणून क्वचितच भेटते. कायद्याचीही दृष्टी काही वेगळी नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात विदेशी मद्य पिण्यास परवाना लागतो आणि तो दिला जातो आरोग्य राखण्यासाठी. आवड म्हणून पिणाऱ्यासाठी कायद्यातही शब्द नाही.

आता प्रत्यक्ष निराशांकडे येतो. बाटल्यांची नावे सांगत नाही. साक्ष आमच्या जिभेची आहे, तिच्यावरून कोणाला शिक्षा नको.

पहिली निराशा अठरा वर्षे मुरलेल्या एका स्कॉचची. स्कॉटलंडच्या नियमानुसार व्हिस्की किमान तीन वर्षे ओकच्या पिंपात राहावी लागते, आणि बाटलीवर वय छापले असेल तर ते मिश्रणातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते. म्हणजे अठरा हा आकडा लहानात लहान. एवढ्या तपश्चर्येनंतर हाती आले ते अतिशय गुळगुळीत काहीतरी. कुठे खाच नाही, टोक नाही. ज्येष्ठ साहित्यिकाच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासारखे: बांधणी उत्तम, कागद उंची, आणि आत कोणाचेही कोणाशी भांडण नाही.

दुसरी शेरीच्या पिंपात मुरलेली. मनुका, अंजीर, खजूर हे जाणकारांनी सांगितलेले सारे स्वाद तिच्यात खरोखरच होते. दिवाळीत येणारा सुक्या मेव्याचा डबा जणू पातळ करून समोर ठेवला होता. पहिला घोट सुखाचा, तिसरा कंटाळ्याचा.

तिसरी आपल्याकडची. २००४ साली बेंगळुरूच्या अमृतने ग्लासगोत आपली सिंगल माल्ट सादर केली, २०१२ मध्ये गोव्याची पॉल जॉन लंडनमध्ये आली, आणि २०२२ मध्ये तर आमच्या जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या आसवनीतूनही एक सिंगल माल्ट निघाली. ह्या प्रकारातली एक बाटली आम्ही अभिमानाने आणली. तिच्यात लाकूड फार होते. त्याचे कारण हवेत आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दरवर्षी सुमारे दोन टक्के मद्य उडून जाते. त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. आपल्या उष्म्यात हा वाटा दहा टक्क्यांच्या घरात जातो. द्रव लाकडात वेगाने शिरतो, वेगाने बाहेर येतो, आणि थोड्या वर्षांत पुष्कळ मुरतो. कुशल हातांत ह्याचे सोने होते. आमच्या ग्लासात मात्र सुताराचे दुकान उतरले होते.

चौथी निराशा सर्वांत मोठी, ती आयला बेटावरची. तिथे सातू पीटच्या धुरावर सुकवतात. ह्या धुराच्या चाहत्यांनी लिहिलेले सारे आम्ही वाचले होते: समुद्र, शेवाळ, विझती शेकोटी. झाकण उघडले आणि समुद्र दूरच, सरकारी दवाखान्यातली मलमपट्टीची खोली समोर उभी राहिली. आम्ही ग्लास खाली ठेवला.

ह्या चार निराशा एका जातीच्या नाहीत, हे कळायला आम्हांला कांट आणि ह्यूम ह्या दोघांची मदत झाली. दोघांनीही रुचीचा विचार करताना मद्याचे उदाहरण घेतले आहे. कांट १७९० मध्ये म्हणतो की कॅनरीची वाइन सुखद आहे असे कोणी म्हटले, तर त्याला 'मला सुखद आहे' अशी दुरुस्ती सुचवावी, आणि तो ती आनंदाने मान्य करील. सौंदर्याच्या विधानाला मात्र ही दुरुस्ती चालत नाही. ह्यूमने १७५७ च्या आपल्या निबंधात सांचो पान्झाच्या दोन नातलगांची गोष्ट सांगितली आहे. पिंपातली वाइन चाखून एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव आहे. दुसरा म्हणाला, किंचित लोखंडाची. लोक हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली किल्ली सापडली. कांटच्या लेखी जिभेची निराशा खाजगी. ह्यूमच्या लेखी तिच्या तळाशी एखादी किल्ली असू शकते.

ती आहे की नाही हे तपासण्याचा एक मार्ग साहित्याच्या शिक्षकांना ठाऊक आहे. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ च्या ग्रंथात छापले. मान्यवर कवी नाकारले गेले, सामान्य रचना वाखाणल्या गेल्या. मागच्या उन्हाळ्यात आम्ही चार सहकाऱ्यांनी हेच केले. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या, क्रमांक घातलेले पाच ग्लास. वर सांगितलेल्या चार आणि पाचवी मळीच्या मद्यार्कात थोडी माल्ट मिसळलेली साधी देशी व्हिस्की, जिला युरोपीय संघ व्हिस्की म्हणायलाही तयार नाही, कारण तिथे ती धान्याचीच असावी लागते. निकाल असा: साधी देशी शेवटून पहिली आली, त्यात आश्चर्य नव्हते. अठरा वर्षांची, नाव झाकताच, आम्हांला बरीच आवडली. म्हणजे तिथे निराशा पाटीने निर्माण केली होती. लाकडाची तक्रार चौघांनीही स्वतंत्रपणे लिहिली. तिथे किल्ली होती. शेरीवाल्या ग्लासावर मते दोन-दोन अशी विभागली. तिथे कांटची दुरुस्ती लावून आम्ही मोकळे झालो. राहिली आयलाची. ती कागदातूनही लपली नाही. तिघांना ती उत्तम वाटली. आम्ही पुन्हा ग्लास खाली ठेवला.

ह्याचे उत्तर अभिनवगुप्ताकडे आहे. त्याने रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतले एक असे की आस्वादक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असतो, आणि मग समोरची कृती त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आमचे थोरले काका सिन्नरला विडीच्या कारखान्यात मुनीम होते. अक्षर मोत्यासारखे. ते हातभट्टीची पीत. पिताना नाक दाबून धरत आणि एका दमात संपवत. तोंड वाकडे करून वर चिमूटभर मीठ चाटत. १९९१ साली एका सरकारी रुग्णालयात ते गेले, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. त्या वॉर्डात फिनेलचा आणि टिंक्चरचा वास होता. पीटच्या धुरात जी फिनॉल कुळातली संयुगे असतात, त्यांचेच भाऊबंद जंतुनाशकांत वापरले जात. आयलाच्या बाटलीत तो वॉर्ड आहे, ही कल्पना नव्हे, रसायन आहे. फक्त इतर तिघांना त्या वॉर्डातला पलंग क्रमांक ठाऊक नाही.

मनात राहते ते हे, की काकांना दारूने कधीही निराश केले नाही. त्यांना तिची चव नकोच होती. चव टाळता यावी म्हणून तर नाक दाबायचे. ज्याला गरज आहे त्याची निराशा होत नाही. निराशा होण्याइतके अंतर त्याच्याजवळ उरलेले नसते. चार बाटल्या नापसंत करून त्यांवर लेख लिहिणे हे त्या अर्थी फार सुरक्षित माणसाचे काम आहे, आणि लिहिताना ही जाणीव सुटू नये असे वाटते.

दोन वर्षांपूर्वी वर्गात ह्यूमची गोष्ट सांगत होतो. सुरगाण्याकडची एक विद्यार्थिनी हसून म्हणाली, "सर, आमच्या आजीला ती किल्ली पिंप रिकामं न करताच सापडली असती." तिची आजी मोहाच्या पहिल्या धारेचा थेंब जिभेवर ठेवून फुले नीट वाळली होती की नाही हे सांगते. पहिली धार! आस्वादाचा हा शब्द आपल्या भाषेत होताच. तो फक्त आमच्या ग्रंथालयात नव्हता.

मग तिने विचारले, "एखादी कविता आवडली नाही असं लिहिलं तर चालेल का, सर?" आम्ही म्हणालो, चालेल, पण कारण लिही. अंतर्गत मूल्यमापनासाठी तिने एका प्रतिष्ठित नवकवितेवर दोन पाने लिहिली: प्रतिमा कुठे उसन्या वाटतात, लय कोणत्या ओळीला तुटते, आणि ह्यातले कवितेचे किती व तिचे स्वतःचे किती. त्या वर्षी आमच्या हाती आलेले ते सर्वोत्तम रसग्रहण होते. विद्यापीठाच्या परीक्षेत मात्र त्याच कवितेवर तिने गाइडमधले स्तुतीचे उत्तर लिहिले. का, असे विचारले तर म्हणाली, "तिथे कोण तपासतं ते माहीत नाही ना, सर."

तिचा हिशेब बरोबर होता. पदवी तिला हवी होती. नापसंतीची चैन तिला परवडणारी नव्हती. ती परवडेल अशी एखादी जागा वर्गात ठेवणे आमच्या हातात आहे. म्हणून गेल्या वर्षापासून अंतर्गत परीक्षेत एक प्रश्न आम्ही कायमचा घातला आहे: 'न आवडलेल्या एका कवितेविषयी सकारण लिहा, कारणांत कवितेचा वाटा कोणता आणि तुमचा कोणता, ते वेगळे दाखवा.' पहिल्या वर्षी साठांपैकी अकरा जणांनी तो सोडवला. बाकीच्यांनी पर्यायी प्रश्न घेतला आणि कविता सुंदर असल्याचे लिहिले.