दृष्टीचा नकाशा

डोळे निर्दोष असूनही माणसाला दिसेनासे होऊ शकते, हे आम्हांला माईच्या आजारपणामुळे कळले. तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूस, अगदी मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकली. हातपाय व वाचा शाबूत राहिली. मात्र दोन्ही डोळ्यांपुढील जगाची डावी बाजू नाहीशी झाली. दाराच्या चौकटीवर ती आदळे. प्रार्थनेच्या पुस्तकातील प्रत्येक ओळीचा आरंभ तिला सापडेना. शेजारणी म्हणत, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." नाशिकमध्ये केलेल्या एम.आर.आय. तपासणीत खरे कारण उमगले.

समोरच्या दृश्याची डावी बाजू दोन्ही डोळ्यांतून मेंदूच्या उजव्या अर्धात पोहोचते, उजवी बाजू डाव्या अर्धात. रशिया-जपान युद्धात (1904-05) डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांची दृष्टी तपासून जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनोऊये यांनी 1909 साली या केंद्राचा नकाशा मांडला. ते ज्ञान जखमांच्या वाटेने आले.

1990 साली सेइजी ओगावा यांनी निराळी वाट दाखविली. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे प्राणवायूयुक्त रक्ताचा ओघ वाढतो. प्राणवायू सोडलेल्या रक्ताचे चुंबकीय गुण वेगळे असतात. तो फरक एम.आर.आय. यंत्र टिपते. 1992 मध्ये ओगावा व बोस्टनचे केनेथ क्वाँग यांच्या गटांनी निरोगी माणसांना लुकलुकता प्रकाश दाखविला, तेव्हा मेंदूचा मागचा भाग कामाला लागल्याचे चित्रात उमटले. ना शस्त्र, ना सुई! माईच्या तपासणीत इजेची जागा दिसली होती. या तंत्राने चालते काम दिसते. तरीही दिसतो तो रक्ताचा ओघ, आणि तोही काही सेकंद मागाहून येणारा. पाहणाऱ्याच्या मनात काय उमटले, ते त्यालाच विचारावे लागते.

माईची हरवलेली बाजू परत आली नाही. उपचार करणाऱ्या बाईंनी पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायला सांगितली. पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायचे. आता ती पहिल्या शब्दापासून वाचते.

वाचकहो, आपल्या घरचे वडीलधारे माणूस एकाएकी चौकटीवर आदळू लागले, तर चष्म्याच्या दुकानापाशी थांबू नका. त्याच घटकेला त्यांना मोठ्या इस्पितळात न्या.