रक्तात आहे, म्हणून काय झाले?

बारामती-इंदापूर भागात लग्नाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न हळूच विचारला जातो : "मुलीच्या आईला साखर आहे म्हणे?" आमच्या पाहण्यातले एक स्थळ तेवढ्यावरून मोडले. दुसरीकडे आपलेच तरुण म्हणतात, "बापाला होती, आपल्यालाही होणारच. तपासायचे कशाला?" दोन्ही गोष्टी आम्हाला मान्य नाहीत.

आम्ही पडलो कारकून. हिशेब तपासल्याशिवाय सही करीत नाही. शास्त्रज्ञही तसेच करतात. हजारो मधुमेही व हजारो निरोगी माणसे घेऊन त्यांच्या आनुवंशिक द्रव्यातील लाखो जागा ताडून पाहतात. एवढ्या जागा तपासल्यावर काही फरक योगायोगानेही दिसणारच. म्हणून असा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता दोन कोटींत एकापेक्षा कमी असेल, तरच तो खरा धरतात. दोन्ही गट एकाच समाजातले असावे लागतात. नाहीतर पूर्वजांतला फरक रोगाच्या खात्यावर पडतो.

२००७ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. गिरिराज चांडक व सहकाऱ्यांनी दाखवले, की परदेशात सापडलेला मधुमेहाशी संबंधित एक जनुक भारतीयांतही तसाच संबंध दाखवतो. पण त्याने धोका वाढतो तो सुमारे दीडपट. रोग होणारच, असे नाही. अशा शेकडो जागा आहेत आणि प्रत्येकीचा वाटा लहान.

पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा अभ्यास १९९३ साली सुरू झाला. तिथली बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडच्या बाळांहून बरीच हलकी; पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकलेली. म्हणजे रोगाच्या खातेवहीत रक्ताची नोंद आहे, तशी आईच्या उपाशी पोटाचीही आहे. घरात सगळ्यात शेवटी, उरलेसुरले खाणारी मुलगी उद्याची आई आहे, हे विसरू नका.

बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात नाकांची मोजमापे मांडून ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत, हे दाखवले. रक्ताच्या नावाने उच्चनीच ठरवणाऱ्यांना त्यांनी आकड्यांनीच उत्तर दिले. त्यांना स्वतःला मधुमेह होता. तरी अखेरपर्यंत लिहिणे थांबले नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, साखरेवरून सोयरीक मोडू नका. तिशी ओलांडली असेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. घरात कोणाला साखर असेल, तर आधी जा. तथागतांनी कारण शोधायला शिकवले; नशिबाला हात जोडायला नव्हे.

जयभीम!