समोरच्या पाण्यात

मराठीच्या प्राध्यापकाला विशाखापट्टणमला कोणी व्याख्यानाला बोलावीत नाही. तेव्हा तिकडे जायचे म्हणजे साडूंच्याच भरवशावर. आमचे साडू तिथल्या पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर आहेत आणि गेली नऊ वर्षे "या हो एकदा, समुद्र वाट पाहतोय" असे दर दिवाळीला न चुकता सांगतात. गेल्या नाताळच्या सुटीत आम्ही तिघे अखेर पुण्याला कोणार्क एक्स्प्रेसमध्ये बसलो.

निघताना माझा पाय मात्र घरातून निघत नव्हता. साताऱ्याला धाकट्या भावाकडे असलेली आई महिन्यापूर्वीच न्हाणीघरात घसरून पडली होती. भेटायला गेलो तर म्हणाली, "जा रे तू. मी काही कुठे पळून जात नाही." प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून केलेल्या या विनोदाला हसावे की काय करावे, ते मला कळले नाही. रोज संध्याकाळी सात वाजता फोन करीन, असे कबूल करून मी निघालो.

विशाखापट्टणम हे गाव पहिल्याच दिवशी आवडते. डोंगर थेट समुद्रात उतरलेला. त्याच्या नाकाडाला इंग्रजांनी डॉल्फिनचे नाक म्हटले, ते आजतागायत चालू आहे. बंदराच्या तोंडाशी तीन टेकड्या शेजारीण-शेजारणीसारख्या बसल्या आहेत. एकीवर व्यंकटेश्वर, दुसरीवर दर्गा, तिसरीवर ख्रिस्ताचे देऊळ. जहाज आत येवो वा बाहेर जावो, तिघांच्याही नजरेखालून जाते. कोकणच्या किनाऱ्याची सवय असलेल्या माणसाचे मात्र इथे काहीतरी चुकते. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून आपण सूर्य बुडायची वाट पाहत बसतो आणि तो मागच्या मागे डोंगराआड निघून गेलेला असतो! सौभाग्यवतींना हे फसवणुकीसारखे वाटले.

रामकृष्ण बीचवर रस्त्याला लागूनच एक पाणबुडी वाळूवर ठेवली आहे. कुरसुरा तिचे नाव. रशियात बांधलेली ही पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ रोजी आपल्या नौदलात दाखल झाली, एकाहत्तरच्या युद्धात अरबी समुद्रात फिरली, २००१ साली निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पाण्यातून ओढून इथे संग्रहालय म्हणून बसवली. एक्याण्णव मीटर लांबीचे हे काळे धूड बाहेरून चांगले ऐसपैस दिसते. आत गेल्यावर समजते की ऐसपैसपणा सगळा यंत्रांच्या वाट्याला आला आहे. माणसे उरलेल्या फटींत राहायची. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचे ते गोल भोकातून, आधी पाय घालून, मग डोके सांभाळून. चिरंजीवांनी डोके सांभाळले नाही. मी सांभाळले, पण गुडघा विसरलो.

वाट दाखवायला नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. मिशा पांढऱ्या, हिंदी तेलुगू वळणाची, आवाज मात्र हुकूम सोडणारा. पुढे सहा आणि मागे चार अशा दहा नळ्यांतून पाणतीर कसे सुटत, ते त्यांनी मुलाला समजावून सांगितले. पाणतिरांच्या अंगालगतच झोपायचे फळकुटे टांगलेले. एक उठला की दुसऱ्याने त्याच्याच उबेत आडवे व्हायचे. गोडे पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. अंघोळीचे नाव काढायचे नाही. स्वयंपाकघर पाहून सौभाग्यवती थबकल्याच. आमच्या घरच्या मोरीएवढी जागा, त्यात एक आचाऱ्याचा पुतळा उभा. "अहो, इथे ऐंशी माणसांचे करायचे?" "होय बाई," ते गृहस्थ म्हणाले, "आणि तेही हलत्या चुलीवर." माझ्या मनात दुसरेच काही आले. या नळकांड्याला खिडकी एकही नाही. आतल्या ऐंशी जणांपैकी बाहेर पाहणार तो एकटा, पेरिस्कोपला डोळा लावणारा. बाकीच्यांनी युद्ध ऐकायचे.

शेवटच्या कप्प्यातून बाहेर आलो तेव्हा डोळ्यांवर एकदम ऊन आले. त्या गृहस्थांनी समुद्राकडे हात केला. "साहेब, ही तुम्ही पाहिलीत. दुसरी तिकडे आहे. खाली."

'गाझी' हे नाव माझ्या पिढीला ऐकून ठाऊक. तपशील फारसा कोणाला माहीत नसतो. म्हणून थोडे सांगतो. ही पाणबुडी मूळची अमेरिकन. १९४४ साली पाण्यात उतरली तेव्हा तिचे नाव होते डायब्लो, म्हणजे स्पॅनिशमध्ये सैतान. १९६४ साली अमेरिकेने ती पाकिस्तानला दिली आणि सैतानाचा गाझी झाला. १४ नोव्हेंबर १९७१ ला ती कराचीहून निघाली, सिलोनला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. शोध होता आपल्या विमानवाहू विक्रांतचा. विक्रांत पुढे मुंबईला संग्रहालय होऊन उभी होती तेव्हा मी तिच्या डेकवर जाऊन वडापाव खाल्ला आहे. नंतर २०१४ साली ती भंगारात गेली. पण एकाहत्तरच्या त्या दिवसांत तिच्या बॉयलरला तडा गेलेला, वेग मंदावलेला, आणि तिला दूर अंदमानात दडवून ठेवलेली. ती विशाखापट्टणमलाच आहे असे शत्रूला वाटले पाहिजे, ही जबाबदारी पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन् यांच्यावर होती.

त्यांनी काय काय केले ते त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. 'राजपूत' नावाची एक म्हातारी विनाशिका निवृत्तीच्या वाटेवर होती. तिला समुद्रात पाठवून विक्रांतच्या थाटाचे बिनतारी संदेश भरपूर सोडायला लावले. गावातल्या कंत्राटदारांकडे मांस, भाजीपाला यांच्या एवढ्या मागण्या नोंदवल्या की कोणत्याही हेराला मोठे जहाज आल्याचे कळावे. आणि एक खाजगी तार. गुप्ततेचे सारे नियम मोडून, उघड्या भाषेत, विक्रांतवरच्या कोण्या खलाशाने पाठवल्यासारखी: आई अत्यवस्थ आहे, तिची प्रकृती कशी आहे ते कळवा.

असा खलाशी नव्हता. त्याची आईही नव्हती. पण तार खरी वाटेल, हे कृष्णन् यांनी बरोबर ओळखले होते. लढाईच्या धामधुमीत नियम मोडून कोणी घरी तार करील तर ती कशासाठी करील, याचे उत्तर कराचीला आणि विशाखापट्टणमला एकच असणार.

गाझी आली. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाले, आणि त्याच मध्यरात्री राजपूत बंदरातून बाहेर पडत असता पुढ्यात पाणी खळबळलेले दिसले. तिने पाण्यात खोल जाऊन फुटणारे दोन बाँब टाकले. काही वेळाने प्रचंड स्फोट झाला. पंतप्रधान इंदिरा गांधींचे भाषण ऐकायला गाव रेडिओपाशी जागेच होते. किनाऱ्यावरच्या घरांच्या खिडक्या हादरल्या. राजपूतच्या बाँबनी गाझी बुडाली, असे आपले नौदल सांगते. बंदराच्या तोंडाशी ती सुरुंग पेरीत होती, त्यांतल्याच एकाने घात केला, असे पाकिस्तान सांगतो. आत नव्वदांहून अधिक माणसे होती. एकही वाचला नाही. कोळ्यांना पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तू सापडल्या, त्यांत एक जीवरक्षक जाकीट होते. त्यावर नाव होते डायब्लोचे.

हे सांगताना त्या गृहस्थांच्या आवाजात विजयाचा सूर होता, आणि तो असायलाच हवा. गाझीने विक्रांतला गाठले असते तर काय झाले असते, याचा विचारही नको. आपलीही माणसे गेलीच. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, पाकिस्तानच्या दुसऱ्या पाणबुडीने, हंगोरने, दीवजवळ आपली खुकरी बुडवली. कॅप्टन मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. तो हिशेब विसरून शत्रूसाठी गळा काढणारा मी माणूस नव्हे. तरीही समोरच्या त्या शांत पाण्याकडे पाहताना मला ती तारच आठवत राहिली. नसलेल्या आईची चौकशी हवेतून सर्वत्र गेली. आणि ज्यांना आया होत्या त्यांना तीन आठवडे समुद्राखालून घरी ख्यालीखुशालीचा शब्द पाठवायची सोय नव्हती. पाणबुडीचा पहिला नियमच मुळी मुकाट राहणे.

"काढत का नाहीत वर?" चिरंजीवांनी विचारले.

"कशाला काढायची?" गृहस्थ म्हणाले. "झोपलेत ते."

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या नौदलाच्या बचाव-पाणबुडीने गाझीचे अवशेष किनाऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर नेमके कुठे आहेत ते हेरल्याची बातमी आली होती. त्यांना हात लावायचा नाही, मृतांची ती विश्रांतीची जागा आहे, असे नौदलाने ठरवल्याचेही तीत होते. एवढ्याच समुद्रात आणखीही एक आहे, असे त्या गृहस्थांनी सांगितले, आणि ते खरे आहे. आरओ-११० ही जपानी पाणबुडी पेनांगहून इकडे आली होती. ११ फेब्रुवारी १९४४ ला तिने जहाजांच्या एका काफिल्यावर हल्ला केला, आणि आपली 'जमना' व दोन ऑस्ट्रेलियन युद्धनौका यांनी मिळून तिला बुडवली. तीही सर्व माणसांसकट. जपान कुठे, कराची कुठे! दोघांच्या वाट्याला शेवटी गाव एकच आले.

सौभाग्यवतींनी पाण्याकडे पाहून नकळत हात जोडले. कोणत्या देशाच्या माणसाला, ते मी विचारले नाही.

मग आम्ही बीचवर बराच वेळ बसून होतो. भाजलेल्या कणसांना मीठ-लिंबू चोळून देणारी बाई तेलुगूतून हिशेब सांगत होती, आम्ही मराठीतून घासाघीस करीत होतो आणि व्यवहार बिनबोभाट चालला होता. कोळ्यांच्या होड्या बाहेर निघाल्या. अंधार पडला तसे दूर नांगर टाकलेल्या जहाजांचे दिवे लागले; डॉल्फिनच्या नाकावरचा दीपस्तंभ फिरू लागला. त्याचा झोत पाण्यावरून सरकत जाई, समोरच्या त्या जागेवरूनही जाई, आणि पुढे निघून जाई.

सात वाजले. मी फोन लावला. भावाने उचलला आणि आईकडे दिला.

"कशी आहेस?"

"कालच्यासारखीच. आज काय पाहिलेस?"

काय सांगावे ते मला सुचेना. "समुद्र," मी म्हणालो.

"पाहा, पण पाण्यात फार आत जाऊ नकोस," आई म्हणाली. "आणि पोराला हाताशी धर."