वाऱ्याला मागचे दार

ऐन मे महिन्यात जयपूरला जाणे हा काही शहाणपणा नव्हे. पण मुलांच्या सुट्या आणि रेल्वेची तिकिटे यांच्यापुढे शहाणपण चालत नाही. आई बरोबर होती. खरे सांगायचे तर त्या उन्हाळ्यात तिचे-माझे जरा बिनसलेच होते. पुण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये तिच्या खोलीत मी हौसेने एअरकंडिशनर बसवला, आणि ती उशी घेऊन हॉलमध्ये निजू लागली! ‘तुझ्या यंत्राचा वारा गुडघ्यांत शिरतो आणि तरी जीव गुदमरतो,’ हे तिचे म्हणणे. मला तो निव्वळ हेका वाटे.

सिरेह देवढी बाजारातून हवामहाल दिसतो तो एखाद्या गुलाबी पोळ्यासारखा. सवाई प्रतापसिंहांनी १७९९ मध्ये तो बांधवला. आराखडा लालचंद उस्तादाचा. पाच मजले आणि ९५३ लहान खिडक्या! आत केवढा प्रशस्त वाडा असेल, असे वाटते. आत शिरायचे मात्र मागून. वर जायला जिने नाहीत, उताराच्या वाटा आहेत. आईच्या गुडघ्यांनी महाराजांना दुवाच दिला असेल. आणि वरचे तीन मजले जेमतेम एका खोलीइतके रुंद! पुढे जाळी, मागे मोकळी गच्ची. मध्ये वाऱ्याला अडवायला काही नाही.

आई एका झरोक्याशी टेकली. बाहेर ऊन मी म्हणत होते. पण जाळी ते चाळून घेत होती आणि झुळूक तेवढी आत सोडत होती. तिचा फोटो घ्यावा म्हणून मी मागच्या अरुंद दारात उभा राहिलो.

“बाजूला हो रे, वारा अडवलास.”

मी चकित झालो. वारा तिच्या समोरून येत होता; मी तर पाठीमागे! बाजूला झालो, झुळूक परत आली. पुन्हा दारात उभा राहिलो, पुन्हा थांबली.

“गिरगावच्या चाळीत काय होते? पुढे गॅलरीचे दार, मागे खिडकी, दारावर व्हेंटिलेटर. आलेल्याला जायला वाट नसेल, तर तो येईल कशाला?”

घरी परतल्यावर मी तिची खोली प्रथमच नीट पाहिली. दोन भिंतींना दोन खिडक्या. त्यांतली एक मीच कपाटाने बुजवली होती. यंत्र बाहेरची हवा आत आणतच नव्हते; खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा गार करून सोडत होते, आणि तीही नेमकी तिच्या पलंगावर. कपाट हलवले. यंत्राची झडप वर वळवली, कारण गार हवा जड. ती छताखाली पसरून आपोआप सावकाश उतरते. १८ अंशांवरून २६ वर आलो, सोबतीला पंखा मंद ठेवला. आणि पहाटे यंत्र बंद करून दोन्ही खिडक्या उघडायच्या, असा नेम केला.

तिसऱ्या रात्री हॉलमध्ये उशी दिसली नाही. सकाळी मी भीत भीत तिच्या खोलीत डोकावलो.

“आता बरे वाटते,” आई म्हणाली. “फक्त तू दारात उभा राहू नकोस.”