बिनमातीचे अळू

डोंबिवलीकराला शेतीचे दर्शन रोज घडत असे, आणि तेही फुकट. सकाळच्या गाडीत दाराशी उभे राहायला मिळाले, की रुळांच्या कडेने पालक, लाल माठ, भेंडी यांचे वाफे उलट्या दिशेने पळत जाताना दिसत. पाच-सहा सेकंदांचा तो हिरवेपणा. त्याच सेकंदांत वाफ्याशेजारचा काळा नालाही दिसे, आणि नाल्यात तोंड बुडवून बसलेला पंपाचा पाइपही. संध्याकाळी परत यावे, तर स्टेशनाबाहेर तीच भाजी, नाही तर तिची सख्खी बहीण, जुडीजुडीने मांडलेली. आपण ती घेतो. घरी येऊन मिठाच्या पाण्यात बुडवतो आणि तो विषय तेथेच सोडून देतो.

माझी आई तो विषय सोडत नसे. तिने अशी पालेभाजी कधी घरात येऊ दिली नाही, आणि तिला ते परवडतही होते. डोंबिवली पूर्वेला आमची जागा तळमजल्यावर. मागे पाच-सहा हात रुंदीची एक पट्टी होती. इतर बिऱ्हाडांना तिचे सोयरसुतक नव्हते, म्हणून ती आपोआप आईची झाली. तेथे शेवगा होता, कढीलिंब होता, तोंडलीचा मांडव होता. आणि मोरीचे पाणी जेथे बाहेर पडे तेथे अळू. काळ्या देठाचे, वडीचे अळू. त्याला कोणी कधी पाणी घातले नाही, खत घातले नाही. घरातली भांडी घासली जात होती, तोवर ते वाढत होते.

२०२२ साली इमारत पुनर्बांधणीला गेली. डोंबिवलीत हे आता लग्नकार्यासारखे झाले आहे. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. आम्ही ठाण्याला घोडबंदर रस्त्यावर एका टोलेजंग इमारतीत सातव्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो. लिफ्ट आहे, गॅलरीतून डोंगर दिसतो, वारा तर असा की कॅलेंडर भिंतीवर टिकत नाही. आल्या आल्या सोसायटीची लेखी सूचना हाती पडली: गॅलरीत व खिडकीच्या जाळीत मातीच्या कुंड्या ठेवू नयेत, गढूळ पाणी खालच्या मजल्यांवरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. तक्रार खोटी नव्हती. तुळशीची एक कुंडी तेवढी धर्माच्या नावावर चालवून घेण्यात आली.

आई काही बोलली नाही. पण दोन-तीन महिन्यांत माझ्या लक्षात येऊ लागले, की ती विळी मागत नाही. भाजी चिरणे हे तिचे ऐंशीव्या वर्षीही हक्काचे काम. आता ती दुपारभर खिडकीकडे तोंड करून बसे आणि बसल्या बसल्या झोपी जाई. जेवण अर्ध्यावर आले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळ्या चांगल्या निघाल्या. अशा वेळी डॉक्टर ‘वयोमान’ म्हणतात, ते त्यांनीही म्हटले. आमच्या सौभाग्यवतीने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारले, “अहो, आईंना काही झालंय का?” मी म्हटले, “काही नाही.” आम्हा दोघांनाही ते उत्तर पटले नाही.

पुढचा सगळा उद्योग आमच्या कन्येचा. तिने औषधांच्या दुकानातून थर्माकोलचे एक जाडजूड खोके आणले, झाकणाला सहा भोके पाडली, भोकांत जाळीचे पेले बसवले, पेल्यांत नारळाच्या काथ्याचा भुगा आणि त्यात पालकाचे बी. खोक्यात पाणी. पाण्यात दोन बाटल्यांतले थोडे थोडे औषध. खोके जाळीत ठेवून दिले. ना माती, ना पंप, ना वीज. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅट्की नावाच्या संशोधकाच्या नावाने ही रीत ओळखली जाते.

बाटल्या दोन का, याचे मला कुतूहल होते. कारण मोठे मौजेचे आहे. एकीत कॅल्शियमचा क्षार असतो, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. पुष्कळ पाण्यात दोघी सुखाने नांदतात. पण घट्ट स्वरूपात एकत्र आल्या, की लगेच पांढरा साका धरून तळाशी बसतात आणि झाडाच्या वाट्याला काही येत नाही. एका स्वयंपाकघरात दोन सासवा, दुसरे काय! पाण्याचा सामूही पाहावा लागतो. तो साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान, म्हणजे जरासा आंबट असला, तर मुळे बरे खातात.

आईने लांबूनच खोके पाहिले. “माती कुठाय?”

“लागत नाही, आजी.”

“मग ते उभं कशावर राहणार?” आणि थोड्या वेळाने, कोणालाच उद्देशून नव्हे असे, “आपल्यासारखंच म्हणायचं.”

यावर मला काही बोलता आले नाही. परंतु दुपारी तिच्याजवळ बसून मी तिला व्हॅन हेल्मोंट या बेल्जममधल्या गृहस्थाची हकीकत सांगितली. याने दोनशे पौंड वाळवलेली माती तोलून कुंडीत भरली, त्यात पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला नुसते पाणी घातले. शेवटी झाड भरले सुमारे एकशे एकोणसत्तर पौंड. आणि माती परत वाळवून तोलली, तर घटली होती अवघी दोन औंस. आपल्या हिशेबाने पाच तोळे! १६४८ साली हे छापले गेले. त्या बिचाऱ्याने निष्कर्ष काढला, की झाड म्हणजे सगळे पाणीच. हवेतूनही झाड आपले अंग भरते हे त्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता, आणि ते पाच तोळे त्याने किरकोळ म्हणून सोडून दिले. कन्येच्या दोन बाटल्यांत जे आहे ते नेमके तेच पाच तोळे.

आई ऐकत होती. झोपली नाही, एवढे मी पाहिले. म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली. लंडनला वुडवर्ड नावाच्या विद्वानाने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिली: पावसाचे पाणी, थेम्स नदीचे पाणी, नळाचे पाणी, आणि बागेतली माती कालवलेले पाणी. १६९९ साली त्याने जाहीर केले, की पाणी जितके गढूळ, तितका पुदिना जोमदार.

“म्हणजे मोरीवरचं अळू,” आई म्हणाली. “यात साहेबानं शोधलं काय?”

प्रश्न बिनतोड होता. शोधले ते पुढच्यांनी. एकोणिसाव्या शतकात साक्स आणि क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी त्या गढूळपणातले क्षार वेगळे ओळखून त्यांचे मोजून मिश्रण केले. १९२९ नंतर कॅलिफोर्नियात गेरिक साहेबांनी अशा पाण्यावर पंचवीस फूट उंच टोमॅटोची झाडे वाढवून लोकांना तोंडात बोट घालायला लावले. हायड्रोपोनिक्स हे नाव १९३७ सालचे. आपल्याकडेही ही विद्या काल आलेली नाही. १९४६ साली शोल्टो डग्लस यांनी बंगालमध्ये कालिंपाँगकडे प्रयोग सुरू केले आणि यंत्रांवाचून, खडी-वाळूत पिके घेण्याची साधी पद्धत बसवली. १९५१ साली त्यांचे पुस्तकही निघाले.

पण आईच्या दृष्टीने प्रश्न साहेबांचा नव्हताच. दुसऱ्या दिवशी ती तांब्या घेऊन खोक्यापाशी हजर. पाणी दोन बोटे खाली गेले होते. तिला ते भरायचे होते. येथे ही रीत आपल्या हाताच्या सवयीच्या अगदी उलट आहे. पाणी खाली जाते तसतशी वरची मुळे ओलसर हवेत उघडी पडतात आणि श्वास घेतात, खालची पाणी पितात. खोके पुन्हा काठोकाठ भरले, तर झाड गुदमरते. कन्येने हे समजावले. आईने तांब्या खाली ठेवला. पण दर सकाळी पेला उचलून मुळे पाहण्याचा तिचा नेम सुरू झाला. पांढरी मुळे म्हणजे ठीक. “कालच्यापेक्षा वीतभर जास्त आहेत,” असे ती चहाच्या वेळी सांगू लागली. वीतभर नसत, बोटभर असत. आम्ही मान डोलवत असू.

पाच आठवड्यांनी पालक निघाला. सौभाग्यवतीने हिशेब केला: बाटल्या, पेले, क्षार मोजायची पेनासारखी कांडी, सगळे धरून पहिली जुडी एकशे नव्वद रुपयांना पडली. पुढे हा भाव उतरला, तरी या उद्योगावर कुटुंबाचा भाजीपाला सुटतो असे सांगणाऱ्यावर वाचकांनी विश्वास ठेवू नये. शेजारी कोल्हापूरकडचे एक गृहस्थ राहतात. त्यांना तर हे मुळीच मान्य नाही. ते श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचे अभिमानी. गणिताच्या त्या प्राध्यापकाने पालापाचोळ्यातून माती तयार करून गच्चीवर मळे फुलवायला शिकवले, आणि तुम्ही बाटलीतले क्षार आणता, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटते. फक्त गच्ची हवी. भाडेकरूच्या वाट्याला जाळी येते.

आणखी दोन गोष्टी सांगतो, म्हणजे कोणी हिरमुसायला नको. साचलेले पाणी म्हणजे डासांचे माहेरघर, तेव्हा झाकण गच्च हवे आणि फटीवर जाळी. पावसाळ्यात तापाची पाहणी करणारी मंडळी येतात, ती आमच्या खोक्यात बॅटरी मारून गेली आणि समाधान पावली. दुसरी गोष्ट मे महिन्याची. ठाण्याच्या उन्हात खोक्यातले पाणी कोमट होते, कोमट पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि पालकाची मुळे तपकिरी पडून सडतात. पालक दसऱ्यापासून होळीपर्यंत. पुढे पुदिना तग धरतो. आणि अळू.

अळूची मागणी आईची. बाजारातले नको, आपले हवे. मी डोंबिवलीला गेलो. इमारत जमीनदोस्त झाली होती, भोवती निळे पत्रे. शेवगा नव्हता, मांडव नव्हता. पण पत्र्यांच्या बाहेर, गटाराच्या कडेला, अळूची एक रांग सरकत सरकत आली होती. रखवालदार म्हणाला, “घ्या की, साहेब.” मी चार गड्डे पिशवीत घातले आणि गाडीने ठाण्याला आणले.

आईने ते परातीत धुतले. सगळी माती सुटेपर्यंत, बोटांनी, सावकाश. परातीतले गढूळ पाणी मी मोरीत ओतायला निघालो, तर म्हणाली, “अरे थांब.” ते पाणी तिने तुळशीच्या कुंडीत घातले.

रंगाच्या रिकाम्या बादलीत, खडी आणि काथ्याच्या आधाराने अळू बसवले. श्रावणात त्याला ताटाएवढी पाने आली. वडीला सहाच पुरली; उरलेल्या पानांचे, देठांचे फदफदे. त्यासाठी आईने विळी मागितली. देठ सोलून, चिंच-गूळ, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे घालून तिने स्वतः केले. तिला एकच शंका होती, की औषधाच्या पाण्यावरचे अळू अधिक खाजेल. मी पहिला घास घेतला. घशाला किंचित खवखवले. तसे सांगितले.

“खवखवलं ना?” आई खुलून म्हणाली. “मग आपलंच आहे.”

नव्या इमारतीचा ताबा अजून मिळायचा आहे. बिल्डरच्या कचेरीतून मधूनमधून तारीख मिळते, भाड्याचा धनादेश मात्र मागावा लागतो. गेल्या महिन्यात त्यांचा माणूस नकाशा घेऊन आला. आमच्या वाट्याला चौथा मजला आहे. दिवाणखाना किती मोठा, संगमरवर कोणता, हे तो उत्साहाने सांगत होता. आईने चष्मा लावून नकाशा दोनदा फिरवला आणि त्याला विचारले, “उगवत कुठल्या बाजूला?” त्याने बोट ठेवले. तेथे स्वयंपाकघराची खिडकी होती. “तिथे जाळी बाहेर काढून द्याल का? दोन बादल्या राहतील एवढी.” तो गृहस्थ माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटले, “लिहून घ्या.”