बार्बरचा अदाजिओ

भिंगारमध्ये वाढलेल्या माणसाला बिगुल नवा नसतो. वारं इकडचं असलं की रात्री लष्करी कॅम्पातून तो ऐकू यायचा आणि आई म्हणायची, ‘आता झोपा.’ आमचं ते घड्याळ होतं. मग टीव्हीवर हुतात्म्यांना मानवंदना देताना तोच ‘लास्ट पोस्ट’ ऐकला आणि अंगावर काटा आला. मुळात त्याचा अर्थ पहारे तपासून झाले, दिवस संपला, एवढाच. शोक त्याला नंतर चिकटला.

अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बरच्या ‘अदाजिओ फॉर स्ट्रिंग्ज’चंही तसंच झालं. भाड्याच्या व्हीसीआरवर ‘प्लाटून’ हा युद्धपट पाहिला, तेव्हा ते पहिल्यांदा कानावर पडलं. शेजारचे निवृत्त सुभेदार काका पिक्चरभर रायफली कशा चुकीच्या धरल्यात ते सांगत होते; या सुरावटीला मात्र गप्प झाले.

पुण्याला शिकायला गेल्यावर कॅसेट मिळाली. 1936 साली, सव्विसाव्या वर्षी, बार्बरने हे चार वाद्यांच्या रचनेतला संथ भाग म्हणून लिहिलं. कुणी गेलेलं नव्हतं. 1938 मध्ये वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने न्यूयॉर्कमध्ये ते तंतुवाद्यांच्या ताफ्यावर वाजवलं. 1945 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट गेले आणि रेडिओवर हेच लागलं. तेव्हापासून अमेरिकेचं सुतक याच्याशिवाय पाळलं जात नाही.



मला विचाराल तर हे रडगाणं नाहीच. व्हायोलिनचा एकच स्वर लांबतो, खालून बाकीची वाद्यं आधार देतात, आणि सुरावट एकेक पायरी चढत जाते, बढत करणाऱ्या गवयासारखी. पार वर, जिथे गज आणखी रेटवत नाही, तिथे सगळं तुटतं. शांतता. पुन्हा खालून सुरुवात. आणि शेवटचा स्वरमेळ षड्जाचा नाही, पंचमाचा! आपल्याकडे असं अधांतरी सोडलं तर श्रोते उठणार नाहीत.

आई गेल्यावर मी ते मुद्दाम लावलं नाही. रूझवेल्टचं सुतक तिच्यावर कशाला?

हल्ली भाचा जिममध्ये टिएस्टो नावाच्या डच डीजेने धडधडत्या ठेक्यावर बसवलेला अदाजिओ ऐकतो. आधी मी चिडलो. मग त्याच्याच मोबाईलवर नीट ऐकला. चढण तीच आहे आणि तो तिच्यावर डंबेल्स उचलतो. बार्बरचं त्यात काही बिघडलेलं दिसत नाही.