विजेची विडी

माणूस एखादें व्यसन सोडावयास निघाला म्हणजे प्रथम बाजारांत जातो. तंबाखू सोडणारा बडीशेपेच्या डब्या भरतो, चहा सोडणारा काढ्याच्या पुड्या आणतो. आणि इंग्लंडांत लेस्टर येथें राहणारा आमचा पुतण्या सिगारेट सोडण्यासाठीं विजेची विडी विकत घेणार आहे. दाब कमीजास्त करतां येणारें यंत्र घ्यावें कीं एकाच ठराविक दाबाचें, असें त्यानें आम्हांस पत्रानें विचारलें. काका कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवितात, तेव्हां त्यांना हें कळत असलेंच पाहिजे, असा त्याचा समज!

प्रश्न वरवर पाहतां खेळण्याचा वाटेल. परंतु त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधु, घोडेगांवाशेजारच्या शिनोलीच्या घरीं फुप्फुसांच्या दुखण्यानें गेले, त्यास येत्या कार्तिकांत वर्ष होईल. शेवटचे दोन महिने त्यांना आडवें होतां येत नव्हतें; लोडाला टेकून बसल्याबसल्या ते रात्र काढीत. त्यांच्या मुलाचा हा प्रश्न आम्हांस हसून सोडून देतां आला नाहीं.

यंत्राची रचना तशी सोपी आहे. एक बॅटरी, तारेचें बारीक वेटोळें, त्यांत कापसाची वात, आणि वात भिजविणारा अर्क. अर्कांत प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि चवीपुरता कांहीं सुगंध. कळ दाबली कीं तार तापते व अर्काची वाफ होते. अमेरिकेंत हर्बर्ट गिल्बर्ट यानें १९६३ सालीं अशाच एका निर्धूर सिगारेटीच्या पेटंटासाठीं अर्ज केला होता. परंतु आजचें यंत्र चालू झालें तें २००३ च्या सुमारास होन लिक नांवाच्या चिनी औषधशास्त्रज्ञाच्या खटपटीनें. येथें कांहीं जळत नाहीं. म्हणून विडीसिगारेटींतलें डांबर व कार्बन मोनॉक्साइड या वाफेंत जवळजवळ नसतात. हा तिचा खरा गुण, आणि तो नाकारण्यांत अर्थ नाहीं.

आतां त्या दाबाच्या चाकाचें गणित. तारेंतली उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. दीड ओहम रोधाच्या तारेस ३.३ व्होल्ट दिले तर सुमारें सव्वासात वॉट शक्ति खर्च होते. ५ व्होल्ट दिले तर साडेसोळांहून किंचित् अधिक. दाब दीडपट झाला, पण आंच सव्वादोनपटींहून वाढली! प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेंटिग्रेडवर उकळतें, ग्लिसरीन २९० अंशांवर. वात कोरडी पडून तार त्याहून फार तापली म्हणजे त्यांचें विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन असलीं विषारी द्रव्यें निघूं लागतात. २०१५ सालीं अमेरिकेंतील पोर्टलंडच्या संशोधकांनीं एका यंत्राची वाफ तपासली, तेव्हां ३.३ व्होल्टवर फॉर्माल्डिहाइडचीं संयुगें आढळलीं नाहींत, ५ व्होल्टवर आढळलीं. यावर आक्षेप निघाला कीं, इतक्या आंचेची वाफ करपट लागते, आणि ओढणारा आपण होऊनच ती टाकून देतो.

आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. परंतु ज्यानें शिनोलींत चिलीम पाहिली आहे त्यास तो पुरता पटणार नाहीं. आमच्या लहानपणीं पडवींत संध्याकाळीं चारपांच मंडळी जमत. कुंभाराची मातीची चिलीम, तिच्या आंत खडा, वर तंबाखू, त्यावर चुलींतला निखारा, आणि खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची छापी. छापी ओली असे तोंपर्यंत धूर थोडा निवून येई. ती वाळली कीं घशाला चटका बसे. चटका बसला म्हणून चिलीम खालीं ठेवून कोणी उठून गेल्याचें आम्हीं पाहिलें नाहीं. खोकून, डोळे पुसून, छापी पुन्हा पाण्यांत पिळून मंडळी बसत. करपट चवीलाही जीभ सोकावते.

चिलीम निर्दोष होती असें आमचें म्हणणें नाहीं; पुष्कळांचीं फुप्फुसें तिनें जाळलीं. पण तिच्या वाटेंत आडकाठ्या होत्या. विस्तव मिळाला पाहिजे, सोबती पाहिजेत, आपली पाळी आली पाहिजे. बंधूंनीं चिलीम टाकून विडी धरली तेव्हां या सर्व आडकाठ्या एकदम दूर झाल्या. विडी खिशांत मावते, एकट्यानें ओढतां येते. आणि न ओढल्यास विझते, म्हणून सिगारेटीपेक्षां ती अधिक वेळां ओढावी लागते. पुढें पुढें त्यांना दिवसाला एक कट्टा पुरेनासा झाला. विजेची विडी तर या वाटेवर आणखी पुढें गेली आहे. तिला काडी नको, तिची राख पडत नाहीं, ती केव्हां संपली हेंही समजत नाहीं. आणि वर आंच वाढविण्याचें चाक ओढणाऱ्याच्याच अंगठ्याखालीं!

म्हणून आम्हीं त्यास लिहिलें कीं, ज्याला चाक नाहीं तेंच यंत्र घे. त्यावर त्याचें उत्तर आलें: यंत्र दुबळें निघालें तर मी पुन्हा सिगारेटीकडे जाईन. हें त्याचें म्हणणें रास्त आहे. कॉक्रेनच्या आढाव्यांतही निकोटिनयुक्त वाफ ही सिगारेट सोडविण्यास पट्ट्या व च्युइंगगम यांहून अधिक उपयोगी ठरली आहे. आणि इंग्लंडच्या सरकारनें २०२३ सालीं दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांस असें यंत्र देण्याची योजना जाहीर केली ती कांहीं उगाच नव्हे. तेव्हां जोर हवा तर तो अर्कांत असावा, आंचेंत नसावा. तिकडील कायद्याप्रमाणें अर्कांत मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत निकोटिन चालतें. आरंभीं तें पुरेसें घ्यावें. अर्क फिका असला कीं माणूस लांब लांब झुरके घेतो आणि चाक असेल तर वर चढवितो. सिगारेटीची आठवण पुरती मोडल्यावर मग अर्क हळूहळू उतरवावा.

राहिली एक अडचण. वर्षश्राद्धास तो पंधरा दिवस शिनोलीस येणार, आणि आपल्या देशांत १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमानें व पुढें त्याच सालच्या कायद्यानें विजेच्या विडीची आयात, विक्री व सांठा हीं सर्व बंद आहेत. बंदीची गोष्ट आपल्याकडे नवी नव्हे. असद बेगानें विजापुराहून तंबाखू व रत्नजडित नळी अकबराच्या दरबारीं नेली तेव्हां हकीमानें हरकत घेतली, तरी बादशहानें झुरके घेतलेच. जहांगिरानें १६१७ सालीं तंबाखूस मनाई केली, तिचें काय झालें हें कोणत्याही पानपट्टीच्या दुकानापुढें उभें राहिल्यास दिसेल. आजच्या कायद्याचा हेतु चांगला आहे. शाळकरी पोरांच्या हातीं हीं रंगीत यंत्रें पडूं नयेत हें आम्हांसही वाटतें. पण वाफ सोडून आलेल्या माणसाला गांवांत उघडपणें मिळणार काय, तर ज्या विडीनें त्याचा बाप नेला ती विडी!

यंत्र लेस्टरलाच ठेवून ये, औषधाच्या दुकानांत मिळणारें निकोटिनचें च्युइंगगम आम्ही पुण्याहून घेऊन येतों, असें आम्हीं त्यास कळविलें आहे. बिनचाकाचें यंत्र त्यानें घेतलें, असें त्याचें कालच पत्र आलें. वहिनींनीं शेजारच्या दुकानदारास, माझ्या मुलाला विडी देऊं नकोस, म्हणून आतांपासूनच बजावून ठेवलें आहे. तो ऐकेल असें आम्हांस वाटत नाहीं.